दातातली कीड आणि कोडमधला बग

जळगाव-धुळ्याकडे दात दुखायला लागला की अहिराणीत म्हणतात, "दातले कीड लागनी". प्रमाण मराठीतही दात 'किडतो'च. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना बग काही नवीन नाहीत, पण दातात खरंच किडा असतो का हो? नसतो. मग हा शब्द आला कुठून? या वीकेंडला थोडा त्याचाच इतिहास.

सुश्रुतसंहितेत 'कृमिदंत' नावाचा रोग सांगितलाय. बॅबिलोनच्या मातीच्या पाट्यांवरही दातातल्या किड्याची गोष्ट कोरलेली आहे. म्हणजे एवढ्या लांबच्या लोकांनी एकच रूट कॉज काढलं होतं! उपायही जुळे. आपल्याकडे भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून धूर तोंडात घ्यायचा, युरोपात खुरासनी ओव्याच्या बिया जाळून. मग भांड्यात पांढरे 'किडे' पडलेले दिसायचे. युरोपातल्या त्या किड्यांचा उलगडा नंतर झाला. ते उष्णतेने फुटलेल्या बियांचे कोंब होते. १७२८ साली पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने सूक्ष्मदर्शकातून पाहून लिहिलं की मला किडा काही सापडला नाही.

खरं कारण मांडलं विलोबी मिलरने, १८९० मध्ये बर्लिनला. तोंडातले जंतू साखर आणि पिठूळ पदार्थ खातात, आम्ल सोडतात, आणि त्या आम्लात दात विरघळतो. म्हणजे किड्याचा अंदाज अगदीच वाया गेला नव्हता, जीव आहेतच, फक्त डोळ्यांना दिसत नाहीत.

आता सगळ्यात चिवट केस घ्या, दोन दातांच्या मधली कीड. दोन दात जिथे टेकतात त्याच्या जरा खाली ती सुरू होते. ब्रशचे केस तिथे पोचत नाहीत. समोरून दात ठणठणीत दिसतो. कळ येते तेव्हा कीड आतल्या थरात बरीच खोल गेलेली असते. सगळे टेस्ट पास आणि प्रॉडक्शनमध्ये सिस्टीम झोपली, तसंच हे! १९२५ मध्ये रेपर नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने चावून धरायच्या फिल्मचा एक्स-रे आणला, 'बाइटविंग'. दाढांमधल्या या किडीला पहिला डीबगर मिळाला तो तेव्हा.

१९०६ मध्ये खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले (आजचे जळगाव आणि धुळे-नंदुरबार). त्याच सुमारास, १९०८ साली, तिकडे अमेरिकेत जी. व्ही. ब्लॅकचा दंतशास्त्रावरचा मोठा ग्रंथ आला. त्याने किडींना नंबर दिले. दाढांच्या मधली ती दुसरा वर्ग. त्याचं म्हणणं असं की खड्डा भरताना आजूबाजूचा चांगला भागही कोरून टाका, म्हणजे फिलिंगची कड ब्रश पोचेल अशा जागी येईल. प्रतिबंधासाठी निरोगी दाताचा बळी! भरायला चांदी-पाऱ्याचं मिश्रण, नाहीतर सोनं. सुवर्णनगरीच्या वाचकांसाठी खास माहिती : १८५५ मध्ये रॉबर्ट आर्थरने दाखवलं की शुद्ध सोन्याचा वर्ख तापवून घेतला की त्याचे थर नुसत्या दाबाने एकजीव होतात. पाऱ्याचं फिलिंग मात्र आता मागे पडतंय, युरोपियन युनियनने २०२५ पासून त्यावर जवळजवळ बंदीच घातली.

आज विचार बरोब्बर उलटा झालाय. कीड वरच्या कवचापुरती असेल आणि खड्डा पडला नसेल तर ड्रिल लावतच नाहीत. फ्लोराइड देऊन, साखर कमी करून ती थांबवता येते. २००९ पासून त्या सच्छिद्र भागात पातळ रेझिन मुरवायची पद्धतही बाजारात आहे. खड्डा पडला की मगच फिलिंग.

आणि फ्लॉस? १८१५ च्या सुमाराला न्यू ऑर्लीन्सचा पार्मली रेशमी धागा वापरायला सांगत होता. पण २००६ च्या एका आढाव्यात गंमत दिसली. लहान मुलांच्या दातांतून जाणकार माणसाने शाळेच्या दिवसांत रोज धागा फिरवला तेव्हा कीड ४० टक्क्यांनी घटली. स्वतःचं स्वतः करणाऱ्यांत असा फायदा सिद्ध झाला नाही. हिरड्यांना फायदा होतो, म्हणून करावंच, पण नीट शिकून. फ्लोराइडच्या पेस्टला मात्र पर्याय नाही.

आता आपल्या घरातलं. तव्यावर तंबाखू भाजून केलेली मशेरी. तिने हिरड्या खाली सरकतात, दातांची मुळं उघडी पडतात आणि मधल्या फटीत अन्न अडकायला आयती जागा होते. तोंडाच्या कॅन्सरचा धोका वेगळाच. १९९२ मध्ये केंद्र सरकारने तंबाखूच्या टूथपेस्ट-पावडरींवर बंदी घातली, १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. पण कायदा डबीपर्यंत पोचतो, तव्यापर्यंत नाही.

मला वाटतं आपला 'कीड' हा शब्दच घात करतो. किडा म्हटलं की तो एक दिवस लागतो आणि मग काढूनच टाकायचा असतो. म्हणून दुखेपर्यंत थांबायचं आणि मग दात उपटून मोकळं व्हायचं! प्रत्यक्षात हे महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं चालणारं झिरपणं आहे, आणि बराच काळ ते थांबवता येतं. धुळ्यात आज दंत महाविद्यालय आहे, जळगावात दवाखान्यांना तोटा नाही. दिवाळीला गावी जाल तेव्हा आई-आजीला एकदा खुर्चीवर बसवाच, दुखत नसलं तरी. आणि तिथे गेलातच आहात तर तुमचाही एक एक्स-रे होऊन जाऊ दे :)