सरपण

सरपण म्हणजे स्वयंपाक, पाणी तापवणे, शेकोटी इत्यादी घरगुती कामांसाठी जाळले जाणारे लाकूड, काटक्या व वाळक्या फांद्या. ‘जळण’ हा शब्द त्याहून व्यापक असून त्यात गोवऱ्या व पिकांचे अवशेषही येतात. २०११ च्या जनगणनेनुसार भारतातील ६२.५ टक्के ग्रामीण कुटुंबांचे स्वयंपाकाचे मुख्य इंधन सरपण होते. स्वयंपाकाचा गॅस मुख्यतः वापरणारी ग्रामीण कुटुंबे ११.४ टक्के होती.

स्रोत व संकलन

महाराष्ट्रात सरपण जंगलाबरोबरच शेताचे बांध, गायरान, ओढ्याकाठची झुडपे व परसातील झाडे यांपासून मिळते. वेडी बाभूळ व सुबाभूळ ही झाडे तोडल्यावर पुन्हा फुटत असल्याने जळणासाठी उपयुक्त ठरतात. विदर्भ व मराठवाड्यात कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्याही चुलीत जातात. सरपण गोळा करून मोळी डोक्यावरून आणण्याचे काम प्रामुख्याने स्त्रिया व मुली करतात. पावसाळ्यात वाळके लाकूड मिळत नसल्याने त्यापूर्वीच बेगमी करून ठेवली जाते.

वनांवरील परिणाम

१९७५ मध्ये एरिक एकहोम यांनी वर्ल्डवॉच इन्स्टिट्यूटच्या एका पुस्तिकेत सरपणाच्या टंचाईला ‘दुसरे ऊर्जासंकट’ म्हटले. त्या काळात ग्रामीण चुली हे जंगलतोडीचे एक प्रमुख कारण मानले जाई. १९७६ मध्ये राष्ट्रीय कृषी आयोगाने सामाजिक वनीकरणाची शिफारस केली. ग्रामीण भागाला जळण पुरवणे हा तिचा एक उद्देश होता.

पुढील संशोधनातून अधिक गुंतागुंतीचे चित्र समोर आले. घरच्या चुलीसाठी बरेचसे लाकूड मेलेल्या फांद्या व शेतातील झाडे यांतून येते, त्यासाठी उभे झाड तोडावे लागतेच असे नाही. ‘नेचर क्लायमेट चेंज’ या नियतकालिकातील २०१५ च्या अभ्यासानुसार, २००९ मध्ये उष्ण कटिबंधीय देशांत काढलेल्या जळाऊ लाकडापैकी २७ ते ३४ टक्के लाकूड नैसर्गिक वाढीच्या मर्यादेपलीकडचे होते. असा ताण सर्वत्र सारखा नसून दक्षिण आशिया व पूर्व आफ्रिकेतील काही प्रदेशांत तो एकवटलेला आढळला. शहरांना विक्रीसाठी केलेली तोड व कोळसा पाडणे यांमुळे हानी वाढते.

अतितोडीच्या ठिकाणी झाडे खुरटतात, नवी रोपे टिकत नाहीत आणि जमीन उघडी पडून तिची धूप होते. मेलेले लाकूडही सतत उचलले गेल्यास बुरशी, कीटक व ढोलीत राहणारे पक्षी यांचा आसरा कमी होतो.

टंचाईचे परिणाम

लाकूड दुर्मीळ झाले की कुटुंबे गोवऱ्यांकडे वळतात. शेण चुलीत गेल्यामुळे शेताला मिळणारे शेणखत घटते, म्हणजेच जंगलाचा तुटवडा मातीच्या सुपीकतेवर पडतो. संकलनासाठी अधिक लांब जावे लागल्याने स्त्रियांचे श्रम वाढतात. चंद्रपूर जिल्ह्यात सरपण, मोहफुले वा तेंदूपाने गोळा करण्यासाठी जंगलात गेलेल्या व्यक्ती वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्याच्या घटना घडल्या आहेत.

धूर व आरोग्य

पारंपरिक चुलीत उष्णतेचा बराच भाग वाया जातो व ज्वलन अपूर्ण राहते. त्यातून सूक्ष्म कण, कार्बन मोनॉक्साइड व काजळी बाहेर पडते. धुरामुळे मुलांना न्यूमोनिया, तर प्रौढांना फुप्फुसांचे जुनाट विकार होण्याचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये घरगुती वायुप्रदूषणामुळे जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. काजळीमुळे वातावरणाच्या तापमानवाढीलाही हातभार लागतो.

पर्याय

भारत सरकारने १९८० च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम राबवला. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने उसाच्या पाचटापासून कांडी कोळसा तयार करण्याचे तंत्र विकसित केले. त्यासाठी तिला २००२ मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेतून गरीब कुटुंबांतील स्त्रियांच्या नावे गॅसजोडणी दिली जाते. महाराष्ट्रात व्याघ्रप्रकल्पांलगतच्या गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अनुदानावर गॅस पुरवला जातो.

जोडणी मिळाल्यावर चूल लगेच विझत नाही. सिलिंडरसाठी रोख पैसे लागतात, सरपण मात्र बहुधा श्रमांच्या मोबदल्यात मिळते. त्यामुळे अनेक घरांत चहा वा घाईचा स्वयंपाक गॅसवर, तर भाकरी व आंघोळीचे पाणी चुलीवर अशी विभागणी दिसते. परिणामी गॅसजोडण्यांच्या संख्येवरून सरपणाच्या वापरात झालेली घट थेट मोजता येत नाही.