तुंगार : थंड हवेचे ठिकाण न झालेला डोंगर

१/ वसई-विरारच्या पूर्वेस तुंगारचा डोंगर उभा आहे. उंची दोन हजार फुटांहून अधिक. पावसाळ्यात धबधब्यांसाठी आणि महाशिवरात्रीला तुंगारेश्वराच्या दर्शनासाठी येथे गर्दी लोटते. मात्र हे अरण्य टिकले कसे आणि त्याची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

२/ डोंगराच्या पायथ्याशी प्राचीन शूर्पारक, म्हणजे आजचे नालासोपारा. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील स्तूपाचे उत्खनन केले. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही येथेच सापडला. लोकपरंपरा तुंगारचे नाते परशुरामाशी जोडते. डोंगरावर त्याच्या नावाचे कुंड आहे.

३/ १५३४ ते १७३९ वसई पोर्तुगीजांकडे होती. येथे जहाजे बांधली जात आणि आसपासच्या रानातील सागवान त्यांच्या कामी येई. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला. सत्ता बदलली, तरी लाकडाची गरज संपली नाही.

४/ १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानवर चढले. त्या काळी माथेरान ठाणे जिल्ह्यातच होते. पुढे तेथे बंगले उठले, बाजार वसला आणि १९०७ मध्ये नेरळहून छोटी रेल्वेही वर पोहोचली. मुंबईकरांना मुक्कामाचे गिरिस्थान मिळाले.

५/ तुंगारवर तशी बंगल्यांची वस्ती उभी राहिली नाही. मात्र डोंगर एकाकीही राहिला नाही. १८६४ मध्ये गुजरातकडून येणारी रेल्वे वसईमार्गे मुंबईस पोहोचली. वाढत्या शहराला इमारती लाकूड, कोळसा आणि सरपण हवे होते, आणि ठाण्याची जंगले हाताशी होती.

६/ १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलांची पकड घट्ट केली. त्याचा घाव बसला तो ‘राबा’वर. पावसाळ्यापूर्वी झाडांच्या फांद्या, पालापाचोळा व शेण भाताच्या रोपवाटिकेच्या जागेवर पसरून जाळायचे आणि मग बी पेरायचे, ही कोकणातील जुनी रीत. तिच्यामुळे तण मरते आणि राखेचे खत मिळते.

७/ वनखात्याच्या लेखी फांदी तोडणे हा जंगलाचा नाश होता. शेतकऱ्याच्या लेखी ती वर्षभराच्या भाताची सुरुवात होती. वारली, कातकरी, मल्हार कोळी यांच्यासाठी तर जळण, कंदमुळे आणि घराचे वासे यांचा आधार हेच रान. तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ मध्ये ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी सरकारला वन आयोग नेमावा लागला.

८/ २००३ मध्ये तुंगारेश्वर अभयारण्य घोषित झाले. क्षेत्र सुमारे ८५ चौरस किलोमीटर. दक्षिणेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, ईशान्येस तानसा अभयारण्य. या दोहोंमधील दुवा म्हणजे तुंगार. बिबट्याच्या वाटचालीसाठी असे सलग रान अत्यावश्यक असते.

९/ पायथ्याशी मात्र शहर दाटत गेले. २००९ मध्ये महापालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत वसई-विरारची लोकसंख्या बारा लाखांवर गेली. एका बाजूला मुंबई-अहमदाबाद महामार्ग, दुसऱ्या बाजूला बिबट्याची वाट, अशी आज या डोंगराची स्थिती आहे.

१०/ २००६ च्या वनहक्क कायद्याच्या प्रास्ताविकेत वननिवासींवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाल्याचे संसदेने मान्य केले. त्या दोन शब्दांमागे ठाण्याच्या राबाची राखही आहे. रान राखणे अपरिहार्यच. परंतु राखीव हा शब्द कोणासाठी आणि कोणाविरुद्ध वापरला गेला, हे जाणल्याशिवाय तुंगारचा इतिहास पुरा होत नाही.