काचेतले रंग आणि न लिहिलेली नावे

पालघर-बोईसरच्या शाळांच्या सहली मुंबईला निघाल्या की गेटवे, वस्तुसंग्रहालय, तारांगण असा क्रम जवळजवळ ठरलेला असतो. त्यात कुलाब्याचे सेंट जॉन चर्चही घालावे, असे आम्ही शिक्षकांना सुचवू. लोक त्याला अफगाण चर्च म्हणतात. विज्ञान आणि इतिहास या दोन्ही तासांना पुरेल एवढे तिथे पाहायला मिळते.

हे चर्च म्हणजे एक युद्धस्मारक आहे. पहिले अफगाण युद्ध आणि सिंधची मोहीम यांत मेलेल्यांसाठी ते बांधले गेले. पायाभरणी १८४७ मध्ये झाली, १८५८ मध्ये प्रार्थना सुरू झाली आणि सुमारे ६० मीटर उंचीचा मनोरा १८६५ मध्ये पुरा झाला. पूर्व-पश्चिम बाजूंच्या खिडक्यांची रंगीत काचचित्रे इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या विल्यम वेल्स यांच्या कारखान्यातली आहेत.

अशी चित्रे कागदावर काढतात तशी रंगवलेली नसतात, हे मुलांना आधी सांगावे. रंग बहुतांशी काचेच्या पोटातच असतो. वितळलेल्या काचेत हजारात एक-दोन भाग कोबाल्ट ऑक्साइड मिसळले तरी गडद निळा रंग येतो. लोहामुळे हिरवी झाक येते. ती आपण बाटल्यांच्या काचेत नेहमी पाहतो. लाल रंगाची गोष्ट निराळी. तो तांब्याच्या किंवा सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांमुळे दिसतो. लाल काच जाड झाली की जवळजवळ काळी दिसते, म्हणून साध्या काचेवर तिचा पातळ थर चढवतात. पिवळ्यासाठी चांदीचे संयुग काचेला लावून भट्टीत तापवतात. चांदीचे आयन काचेत शिरतात आणि त्यांचे बारीक कण बनतात. चेहऱ्याच्या रेषा मात्र खरोखर कुंचल्याने काढतात. त्यासाठी धातूचे ऑक्साइड आणि काचेची पूड यांचा लेप वापरून तो भाजून पक्का करतात. मग सगळे तुकडे शिशाच्या खाचेदार पट्ट्यांत बसवतात. तापमान वाढले की शिसे काचेच्या सुमारे तिप्पट प्रसरण पावते, त्यामुळे अशा खिडक्या जुन्या झाल्या की फुगतात, सैल होतात. (तारापूरच्या अणुकेंद्राशेजारी राहणाऱ्यांना शिशाची वेगळी ओळख असते. किरणोत्सारी पदार्थ हाताळण्याच्या कोठड्यांना शिसे मिसळलेल्या जाड काचेच्या खिडक्या लावतात. तिथे शिसे काचेला धरून ठेवत नाही, गॅमा किरणांना अडवते.)

आता खिडकीवरून नजर भिंतीकडे वळवावी. तिथे मृत अधिकाऱ्यांची नावे आहेत. हवालदार दर्जाचे लोक आणि साधे सैनिक यांच्याविषयी तिथला लेख एवढेच सांगतो की ते तलवारीने किंवा आजाराने मेले आणि त्यांची संख्या इतकी मोठी की नावे लिहिणे शक्य नाही.

हे साधे सैनिक कोण होते? जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून माघार घेताना सुमारे साडेचार हजार सैनिक आणि बारा हजार बाजारबुणगे बर्फात निघाले. सैनिकांत बहुसंख्य हिंदी होते, बरेचसे बंगाल लष्करातले. त्यांतले बहुतेक मेले किंवा कैद झाले. मुंबई लष्कराची तुकडी सर जॉन कीन यांच्या हाताखाली सिंधमार्गे गेली होती. तिने १८३९ मध्ये गझनीच्या लढाईत भाग घेतला. १८४३ च्या मियानीच्या लढाईतही मुंबईच्या पलटणी होत्या. या लष्करात कोकणातले शिपाई मोठ्या संख्येने असत.

संख्या मोठी होती हे खरे. पण तेवढेच कारण आम्हाला पटत नाही. याच मुंबई लष्कराच्या कोरेगाव भीमा येथील स्तंभाची पायाभरणी १८२१ मध्ये झाली. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावे त्यावर कोरलेली आहेत. त्यांतली बावीस नावे 'नाक' या प्रत्ययाने संपणारी, म्हणजे महार शिपायांची आहेत. तिथे मृत थोडे होते. पण शिपायाचे नाव दगडावर लिहावे, ही कल्पना त्या लष्कराला मुळीच अपरिचित नव्हती. बाजारबुणग्यांचा, म्हणजे पखालवाले, सईस, डोलीवाले, स्वयंपाकी यांचा उल्लेख तर चर्चच्या त्या लेखात संख्येनेसुद्धा नाही.

पूर्वेची खिडकी पाहायची तर सकाळची वेळ बरी. भिंतीवरची नावे मुलांना वहीत उतरवून घ्यायला लावावीत आणि प्रत्येकापुढचा हुद्दाही लिहायला सांगावे.