दोन राजवाडे आणि मधली वाट

कोल्हापूर पाहावयास येणाऱ्या परगावच्या माणसाचा दिनक्रम पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलेला आहे: पहाटेची गाडी, अंबाबाईचे दर्शन, देवळातून बाहेर पडताच जुन्या राजवाड्याच्या भवानी मंडपात एक फेरी, तेथून रिक्षाने नवा राजवाडा, उतरत्या उन्हाला रंकाळा, आणि वेळ उरलाच तर पन्हाळा. या क्रमात जुन्या राजवाड्याकडून नव्या राजवाड्याकडे जाणारी वाट पायी गेल्यास सुमारे अर्ध्या तासाची आहे. परंतु करवीर संस्थानाची सत्ता कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली, हे जाणावयाचे असेल तर ती वाट रिक्षाने न जाता पायीच चालावी, असे मी माझ्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना सांगत असतो, आणि पाहुणे अर्थातच रिक्षाने जातात.

1731च्या वारणेच्या तहाने सातारा आणि करवीर अशी भोसल्यांची दोन घराणी विभक्त झाली. त्यानंतरही अर्धे शतक करवीरची गादी पन्हाळ्यावरच होती, आणि 1782मध्ये ती कोल्हापुरास आली. गडावरचे राज्य सपाटीवर उतरले ते थेट देवीच्या शेजारी. आजही जुन्या राजवाड्याच्या आवारात शिरताना मनावर पहिला ठसा उमटतो तो वैभवाचा नव्हे, तर वर्दळीचा: उंच नगारखाना, त्याच्या कमानीखालून जाणारी माणसे, मंडपातील तुळजाभवानीचे देऊळ, आणि भोवताली व्यापाऱ्यांचा व यात्रेकरूंचा कोलाहल. हा वाडा केवळ राजकुटुंबाच्या निवासासाठी नव्हता. देवघर, दरबार, खजिना आणि दप्तर एकाच छपराखाली नांदत, अशा मराठा राज्यपद्धतीची ती वास्तू होती. आणि म्हणूनच तिच्या व प्रजेच्या मध्ये बाग नव्हती, तळे नव्हते, केवळ एक दरवाजा होता.

1844च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर संस्थानाच्या कारभारावर इंग्रजांची पकड बसली, आणि 31 जुलै 1857 रोजी येथील सत्ताविसाव्या पलटणीने उठाव केला तेव्हा ती अधिकच आवळली गेली. तत्कालीन महाराजांचे धाकटे बंधू चिमासाहेब यांच्यावर संशयाचा रोख वळला. त्यांना कराचीस नेऊन ठेवण्यात आले आणि तेथेच 1869मध्ये त्यांचे देहावसान झाले. जुन्या राजवाड्याने अनेक मृत्यू पाहिले होते. परंतु राजघराण्यातील माणसाने परक्या भूमीवर देह ठेवावा, हा प्रकार येथून सुरू झाला, आणि दुर्दैवाने तेथेच थांबला नाही.

पुढच्याच वर्षी करवीरचे राजे राजाराम महाराज विलायतेची यात्रा करून परत येत असता 30 नोव्हेंबर 1870 रोजी इटलीतील फ्लॉरेन्स नगरीत मृत्यू पावले. वय अवघे वीस. नगरपालिकेची विशेष परवानगी मिळवून आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर हिंदू विधीने त्यांचे दहन झाले, आणि त्या स्थळी 1874मध्ये एक छत्री उभी राहिली. तिच्याखाली महाराजांचा फेटा बांधलेला अर्धपुतळा आहे, आणि जवळच्या पुलास तेथील लोक आजही ‘इंडियनाचा पूल’ या अर्थाच्या नावाने ओळखतात. त्या छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट या लष्करी अभियंत्याचा. कोल्हापूरचा टाऊन हॉल, समोरचे मोठे रुग्णालय आणि शेवटी नवा राजवाडा या तिन्ही वास्तू ज्याच्या कागदावर जन्मल्या, तोच हा मँट. एका राजाची छत्री आणि त्याच्या वारसाचा प्रासाद एकाच हाताने रेखावा, हा योग आमच्या मार्गदर्शकांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही.

त्या वारसाची हकीकत तर अधिकच करुण आहे. दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज गादीवर बसले तेव्हा जेमतेम आठ वर्षांचे होते. मुखत्यारी अर्थातच इतरांच्या हाती होती. 1877मध्ये नव्या राजवाड्याचे काम सुरू झाले, आणि काळा घडीव पाषाण एकेका थराने वर चढत असता ज्याच्या नावाने तो चढत होता त्या तरुणास वेडा ठरवून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. या प्रकरणी कारभारी माधवराव बर्वे यांच्याविरुद्ध लिहिल्याबद्दल टिळक आणि आगरकर 1882मध्ये डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस होते, हे सर्वांना ठाऊक असते. पण ते 101 दिवस आणि या वास्तूच्या मनोऱ्याचे दगड एकाच काळाचे आहेत, हे त्या मनोऱ्याखाली उभे राहून कोणाच्या ध्यानी येत नाही. 25 डिसेंबर 1883 रोजी एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत महाराजांचा अंत झाला. राजवाडा पुरा झाला 1884मध्ये. मँट तर 1881मध्येच वारला होता. आपल्या इमारती कोसळतील या धास्तीने त्याचे चित्त भ्रमले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, इमारती मात्र उभ्या आहेत.

अल्पवयी राजाच्या नावाने दुसऱ्यांनी प्रासाद उभारावा, हे काही करवीरचेच वैशिष्ट्य नव्हे. कोरियाच्या सोल नगरीतील ग्योंगबोकगुंग हा 1395चा राजप्रासाद 1592च्या जपानी स्वारीत भस्मसात होऊन पावणेतीनशे वर्षे ओसाड पडला होता. तो 1867च्या सुमारास पुन्हा उभारला तो बालराजा गोजोंग याच्या पित्याने, राज्याचा कारभार स्वतःच्या हाती ठेवून, आणि खर्चाची तोंडमिळवणी करण्यासाठी दर्शनी शंभरपट मोलाचे हिणकस नाणे पाडून. पुढे 1896मध्ये तोच राजा तो प्रासाद सोडून रशियन वकिलातीच्या आश्रयास गेला. आज त्या प्रासादात पारंपरिक कोरियन पोशाख घालून येणाऱ्यास प्रवेशमूल्य पडत नाही, म्हणून तरुण मंडळी भाड्याचा पोशाख चढवून तेथे छायाचित्रे काढतात. आमच्या नव्या राजवाड्यासमोरही छायाचित्रे काढतातच. फेटा मात्र भाड्याने आणत नाहीत, एवढाच फरक.

कसबा बावड्याच्या वाटेवरील ही वास्तू देखणी आहे, यात शंका नाही. गुजरात-राजस्थानकडील देवळांच्या व वाड्यांच्या कमानी, महिरपी आणि छज्जे यांची विलायती मनोऱ्याशी घातलेली ही सांगड कित्येकांना खिचडी वाटते. मला ती वाटत नाही, कारण काळ्या दगडाने सर्व विसंगती गिळून टाकली आहे. दरबार-दालनाच्या रंगीत काचांवर शिवचरित्रातील प्रसंग आहेत. 1974पासून तळमजल्यावर शहाजी छत्रपती संग्रहालय आहे, आणि वरच्या भागात राजकुटुंबाचा निवास. परंतु बाग, तळे आणि हरणांचे कुंपण ओलांडून येथवर पोहोचताना जाणवते ते अंतर. जुन्या वाड्यास जे ठाऊक नव्हते, ते येथे आरंभापासून आखलेले आहे.

ते अंतर कमी करण्याचे श्रेय शाहू महाराजांस द्यावे लागते. 1884मध्ये दत्तक आलेल्या आणि 1894मध्ये अधिकार हाती घेतलेल्या या राजाने वास्तू उभारल्या त्या बहुतांशी लोकांनी भरून जाव्यात अशा: 1912चे खासबागचे कुस्त्यांचे मैदान, त्याच्या पाठीस पाठ लावून 1915मध्ये उघडलेले पॅलेस थिएटर, आणि दसरा चौकाच्या परिसरातील निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे. ते थिएटर पुढे केशवराव भोसले नाट्यगृह झाले. ऑगस्ट 2024मध्ये ते आगीच्या भक्ष्यस्थानी पडले तेव्हा रस्त्यावर उभी राहून डोळे पुसणारी माणसे मी पाहिली आहेत.

वाटेत टाऊन हॉलमध्ये अवश्य थांबावे. ब्रह्मपुरीच्या टेकाडातील उत्खननात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती तेथे आहे, वीतभर उंचीची. दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्यापारमार्गाने ती भूमध्य समुद्राकडून पंचगंगेकाठी आली. मँटच्या इमारतीत बसलेला तो देव पाहिला की आर्नोच्या काठची ती छत्री आठवल्यावाचून राहत नाही.

नवरात्रातील अष्टमीच्या रात्री अंबाबाई वाहनात बसून नगरप्रदक्षिणेस निघते. रांगोळ्यांनी आणि फुलांनी सजलेल्या रस्त्यांतून, महाद्वारावरून आणि गुजरीवरून तिची स्वारी भवानी मंडपात येते. तुळजाभवानीची भेट होते, आरती होते, आणि नगारखान्याच्या कमानीखाली मुंगीलाही वाट मिळत नाही. नव्या राजवाड्याकडे देवी जात नाही. छत्रपतींचे घराणेच त्या रात्री तिला सामोरे जाण्यासाठी जुन्या राजवाड्यात येते.