रिव्हॉल्व्हर, जुने व संग्राह्य : खरेदीपूर्व पडताळणी

वापरलेले, जुन्या बनावटीचे रिव्हॉल्व्हर विकत घेण्यापूर्वी त्याचा कारखाना, काळ, भागांचे मूळपण आणि विक्रेत्याचा मालकी हक्क यांची केली जाणारी तपासणी. भारतात या तपासणीची सुरुवात कागदपत्रांपासून होते. शस्त्र हातात घेण्याची पाळी त्यानंतर येते.

पार्श्वभूमी : खासगी व्यक्तींसाठी पिस्तूल-रिव्हॉल्व्हरची आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून जवळपास बंद आहे. त्यामुळे वेब्ली, स्मिथ अँड वेसन, कोल्ट यांसारख्या विदेशी कंपन्यांची देशात असलेली जुनी शस्त्रेच हात बदलतात आणि त्यांना मोठी किंमत येते. शस्त्र कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोन झाली. जादा शस्त्र जमा करणे किंवा विकणे भाग पडल्याने काही जुनी शस्त्रे पुन्हा बाजारात आली. महाराष्ट्रातील बीड जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने होते. डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यातील मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाल्यावर या परवान्यांची चर्चा राज्यभर झाली. प्रशासनाने फेरतपासणी करून अनेक परवाने रद्द केले. परवाना रद्द झालेल्या व्यक्तीला शस्त्र स्वतःजवळ ठेवता येत नाही; म्हणून विक्रेत्याचा परवाना आज चालू आहे का, हा बीडमधील ग्राहकाचा पहिला प्रश्न ठरतो.

कागदपत्रे : शस्त्र कायदा, १९५९ (अंमल १ ऑक्टोबर १९६२ पासून) आणि शस्त्र नियम, २०१६ यांनुसार हा व्यवहार होतो. ग्राहकाचे वय किमान २१ वर्षे असावे लागते आणि त्याच्याकडे त्या प्रकारच्या शस्त्राचा परवाना आधीच असावा लागतो. बीडमध्ये परवाना प्राधिकारी जिल्हाधिकारी आहेत. खासगी मालकाला आपले शस्त्र विकायचे असल्यास त्याने जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला ग्राहकाच्या नाव-पत्त्यासह लेखी कळवावे लागते. त्यानंतर किमान ४५ दिवस उलटल्याखेरीज विक्री करता येत नाही. विक्रेत्याच्या परवान्यावर विशिष्ट ओळख क्रमांक (यूआयएन) असावा; त्यावरील शस्त्राचा प्रकार, बोअर आणि क्रमांक हे तपशील प्रत्यक्ष शस्त्राशी अंक-अक्षरासह जुळले पाहिजेत. ‘आजोबांच्या काळापासून घरात आहे’ हे सांगणे पुरावा ठरत नाही. वारसाने आलेल्या शस्त्रासाठी वारसाच्या नावे स्वतंत्र परवाना लागतो. विनापरवाना शस्त्र घेतल्यास किंवा बाळगल्यास दोन ते पाच वर्षे कारावासाची तरतूद आहे.

बोअरचा प्रश्न : संग्राहकांना सर्वाधिक हवी असलेली शस्त्रे बहुधा याच ठिकाणी अडतात. सैन्याची .३८० किंवा .४५५ ची काडतुसे ज्यात बसतात, ती रिव्हॉल्व्हरे नियमांनुसार प्रतिबंधित बोअरची ठरतात. १९१५ चे वेब्ली मार्क ६ (.४५५) आणि १९३२ मध्ये ब्रिटिश सैन्यात आलेले एन्फील्ड नंबर २ (.३८०) ही त्याची ठळक उदाहरणे आहेत. अशा शस्त्राला जिल्हाधिकाऱ्यांचा साधा परवाना पुरत नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाची मंजुरी लागते. म्हणजे मार्क ६ अस्सल निघाले की त्याच कारणाने ते सामान्य परवानाधारकासाठी बाद होते. नागरी परवान्यावर सर्रास आढळते ते ३२ बोअर. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचे ३२ बोअर रिव्हॉल्व्हर वेब्ली मार्क ४ च्या धर्तीवर, मधून मोडून उघडणारे आहे. त्याच्यावर विदेशी नाव कोरून ते ‘वेब्ली’ म्हणून खपवले जात असेल, तर खुणांवरून फसवणूक उघडी पडते.

खुणा आणि क्रमांक : शस्त्र प्रथम उघडून रिकामे असल्याची खात्री करावी. स्मिथ अँड वेसनच्या दुसऱ्या महायुद्धातील ‘व्हिक्टरी’ मॉडेलवर ‘व्ही’ने सुरू होणारा क्रमांक मुठीच्या तळाशी असतो. तोच सिलिंडरच्या मागील बाजूस आणि नळीच्या खालील सपाट भागावरही आढळतो. तिन्ही ठिकाणी तो एकच असल्यास भाग मूळचे आहेत. सिलिंडरवर वेगळा आकडा असल्यास भाग बदललेला आहे आणि संग्राह्य मूल्य उतरते. ब्रिटिश शस्त्रावर लंडन किंवा बर्मिंगहॅम प्रूफ हाऊसचे शिक्के असतात. सरकारी मालकीची खूण म्हणजे बाणाचे टोक. समोरासमोर दोन बाण असल्यास शस्त्र सैन्यातून रीतसर विकले गेलेले असते. अस्सल ठशाच्या कडा धारदार असतात. कडा बुजलेल्या, अक्षरे उथळ आणि गंजाच्या खड्ड्यांवरही ताजा निळा मुलामा दिसला, तर शस्त्र घासून नव्याने रंगवलेले असते.

नळीतील आटेही ओळख पटवतात. वेब्ली आणि एन्फील्डमध्ये उजव्या वळणाचे सात, स्मिथ अँड वेसनमध्ये उजव्या वळणाचे पाच, तर कोल्टमध्ये डाव्या वळणाचे सहा आटे असतात. खैबर खिंडीच्या परिसरात हाताने बनणाऱ्या नकलांवर स्पेलिंगच्या चुका, उलटी अक्षरे आणि वेडेवाकडे शिक्के आढळतात. महाराष्ट्राच्या सीमेलगत मध्य प्रदेशातील उमर्टीसारख्या गावांतून येणारे गावठी कट्टे व पिस्तुले मुळातच बेकायदा असून त्यांचा या बाजाराशी संबंध नाही.

यांत्रिक स्थिती : घोडा पूर्ण ओढल्यावर सिलिंडर घट्ट अडकला पाहिजे आणि प्रत्येक खाना नळीच्या रेषेत आला पाहिजे. मागे-पुढे जादा हालणारा सिलिंडर, खड्डे पडलेली नळी आणि वेब्ली जातीत ढिली झालेली बिजागरी हे मोठे दोष होत. शेतात किंवा लग्नसमारंभात बार काढून शस्त्र पाहणे गुन्ह्यात मोडू शकते. जिवाला धोका होईल अशा निष्काळजी वा जल्लोषी गोळीबारास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

खोडलेला क्रमांक : ओळखखूण खोडणे, बदलणे तसेच खूण नसलेले शस्त्र विकणे हे कायद्याने निषिद्ध आहे. असे शस्त्र ज्याच्याकडे सापडेल त्यानेच ती खोडली, असे न्यायालय गृहीत धरते. उलट सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर असते. ठसा मारताना खालचे पोलादही दबलेले असते. त्यामुळे घासलेल्या जागी रसायन लावून न्यायसहायक प्रयोगशाळेत पुसलेला क्रमांक पुष्कळदा वाचता येतो. मात्र ही तपासणी पोलीस किंवा न्यायालयाने पाठवलेल्या मुद्देमालाची होते.

पुरातन शस्त्रे : कालबाह्य, पुरातन किंवा नादुरुस्त शस्त्राला कायद्यातून सूट आहे; पण ते दुरुस्त करूनही वापरण्याजोगे नसेल तरच. काडतूस उडवू शकणारे शंभर वर्षांचे रिव्हॉल्व्हर या सवलतीत बसत नाही. क्रमांक, बोअर किंवा विक्रेत्याचा परवाना यांपैकी एकाबाबतही शंका राहिल्यास इसार देण्यापूर्वी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्रपरवाना शाखेत लेखी विचारणा करावी.