तोंडच्या हिशेबाची परीक्षा

साष्टीच्या उत्तर टोंकास, उल्हास नदीच्या खाडीकांठीं घोडबंदर वसलें आहे. घोड्यांच्या व्यापारावरून त्यास हें नांव पडलें असें सांगतात. १७३७ सालीं मराठ्यांनीं तें पोर्तुगीजांकडून घेतलें. १७७४ मध्यें साष्टी इंग्रजांकडे गेली. राज्यें बदललीं, तरी अशा बंदरीं उतरलेला माल मोजावाच लागे. ज्याला मनांत हिशेब करतां येत नसे, त्याला दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून दाम मोजावे लागत.

म्हणूनच पंतोजींच्या शाळेंत उजळणीला मोठा मान असे. पाढ्यांमागून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी मुलांकडून घोकून घेत. ‘शेराला दीड आणा, तर आठ शेरांना किती?’ असें विचारतांच, दिडकी पाठ असलेला मुलगा ‘बारा आणे’ म्हणून मोकळा होई. मुंबई सरकारच्या मंडळांतील प्रेंडरगास्ट यांनीं १८२१ सालीं लिहून ठेविलें कीं, इकडील शेतकरी व लहान दुकानदार विलायतेंतील त्याच थरांतील लोकांपेक्षां आपला हिशेब अधिक अचूक ठेवितात.

तथापि या परीक्षेंत एक उणीव होती. आठ आणि आठाचें अर्धें मिळून बारा होतात, हें मुलाला उमगलें आहे कीं नुसतें पाठ आहे, तें घोकंपट्टीवरून कळत नसे. १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं सुरू झालीं. सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. तेव्हां नुसतें पाठांतर लंगडें पडलें. ज्याला मर्म कळलें होतें, त्याला नवें नाणें जड गेलें नाहीं.

२००५ पासून ‘असर’ या पाहणींत खेड्यांतील मुलांना घरीं जाऊन, एकेकाला जवळ बसवून अंकओळख, वजाबाकी व भागाकार विचारण्याची रीत पडली. २०२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानें तर डोळेच उघडले. कलकत्ता व दिल्ली येथील बाजारांत विक्री करणारीं मुलें गिऱ्हाइकाचा हिशेब तोंडीं बिनचूक करीत. पण तशाच आंकड्यांचें शालेय उदाहरण घालतांच अडखळत. शाळकरी मुलांची गत नेमकी उलट होती.

यास्तव लहान मुलाला एकदां नुसते आंकडे घालून व एकदां फळाफुलांचा भाव सांगून, असें दोन्ही परींनीं विचारावें. आणि उत्तर आल्यावर ‘कसें काढलेंस?’ हेंही पुसावें. केवळ उशीर लागला म्हणून एखाद्याला ‘ढ’ ठरविणें अन्यायाचें आहे. कारण सहाव्या-सातव्या वर्षीं बसलेला तो शिक्का पुसतां पुसत नाहीं.