पुट्टीचा पत्रा आणि समुद्र

आमच्या शाळेत आठवीत एक मुलगी आहे. तिचे अब्बा घरं रंगवायचं काम करतात. मागच्या वर्षी एलिमेंटरी ड्रॉइंगच्या परीक्षेची तयारी चालू होती, तेव्हा स्मरणचित्राच्या सरावाला 'समुद्रकिनारा' हा विषय दिला गेला. आता यवतमाळ जिल्ह्यातल्या मुलांनी समुद्र आठवायचा कुठून? मुंबई इथून सहाशे किलोमीटरहून जास्त लांब. वर्गात समुद्र पाहिलेली मुलं दोनच निघाली, त्यातला एक हाजी अलीच्या दर्ग्याला जाऊन आलेला. बाकीच्यांचा समुद्र म्हणजे ईसापूरच्या धरणाचं पाणी, त्यावर एक होडी आणि मागे नारळाची दोन झाडं.

या मुलीने मात्र घरी जाऊन वेगळंच केलं. अब्बांच्या डब्यांत उरलेला ऑइलपेंट घेतला, प्लायवूडचा तुकडा घेतला आणि ब्रश न मिळाल्यामुळे पुट्टी लावायच्या लहान पत्र्याने रंग थापला. लाटा अशा जाड उठल्या की बोट लावलं तर लागतील. किनाऱ्यावर तिने एक घोडा काढला. दादाजानांनी तो पाहिला आणि म्हणाले, समुद्र ठीक आहे बेटा, पण जानदाराची तसवीर घरात नको. दुसऱ्या दिवशी ती फळी घेऊन माझ्याकडे आली. "सर, घोडा ठेवू की खरवडू?"

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, चित्रकला माझा विषय नाही. पण प्रश्न माझ्याकडे आला होता. त्या निमित्ताने जे वाचलं आणि जुळवलं, ते इथे मांडतो.

पहिली गोष्ट त्या पत्र्याची. मुलीला वाटत होतं की ब्रश नसल्यामुळे आपण काहीतरी चुकीचं केलं. तसं नाही. चित्रकारांकडे हुबेहूब असंच हत्यार असतं, त्याला पॅलेट नाइफ म्हणतात. आपल्या गवंड्याची करणी लहान करून बघा: लवचिक पोलादी पातं, मधे बाक आणि लाकडी मूठ. मुळात ती रंग कालवायला आणि पाटी खरवडायला असते. पण तिनेच कॅनव्हासवर रंग लावला की चित्राचा स्वभाव बदलतो. ब्रश रंग पसरवतो, सुरी रंग थापते. पातं आडवं ओढलं की पाण्याचा पट्टा तयार होतो. धार टेकवली की क्षितिजाची किंवा डोलकाठीची रेघ उमटते. ओला रंग खरवडला तर खालचा थर उघडा पडतो आणि लाटेवर फेस दिसायला लागतो. मात्र रंग भरपूर लागतो, आणि जाड थर आतपर्यंत वाळायला कित्येक महिने जातात, कारण तेलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यातलं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं.

हे तेल कशाचं? बहुतेक वेळा जवसाचं. ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, तेच जवस. इंग्रजांच्या काळात मध्यप्रांत-वऱ्हाडातून जवस मोठ्या प्रमाणावर मुंबई बंदरामार्गे युरोपात जायचं. आणि कॅनव्हास? तो तागाच्या नाहीतर सुती कापडाचा. कापसाबद्दल यवतमाळच्या माणसाला काही सांगायला नको. याच कापसासाठी इंग्रजांच्या काळात आपली यवतमाळ-मूर्तिजापूर 'शकुंतला' रेल्वे धावू लागली. म्हणजे समुद्र आपल्याकडे नसला तरी समुद्राचं चित्र ज्या तेलाने आणि ज्या कापडावर होतं, ते आपल्या काळ्या मातीतलं आहे.

सुरीने समुद्र रंगवणाऱ्यांत मोठं नाव फ्रान्सच्या गुस्ताव कुर्बेचं. १८६९ मध्ये एत्रता या किनाऱ्यावर राहून त्याने लाटांची चित्रं केली, सुरीने रंगाचे जाड थर देऊन. हरणं आणि मासेही त्याने तितक्याच जोराने रंगवले. पण मला त्याची दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. कुर्बे समुद्राकाठचा नव्हता. त्याचं गाव ओर्नां हे डोंगरदरीतलं, समुद्रापासून लांब. त्याने समुद्र पहिल्यांदा पाहिला तो १८४१ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी. योगायोग असा की त्याच वर्षी धातूच्या नळीत भरलेल्या तेलरंगाचं पेटंट निघालं. तयार, घट्ट रंग नळीतून पिळून सुरीवर घेणं त्यामुळे सोपं झालं.

आता आपल्याकडे येऊ. १९४७ मध्ये मुंबईत सहा तरुणांनी 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' स्थापन केला. आधुनिक भारतीय चित्रकलेचा इतिहास या नावाशिवाय लिहिता येत नाही. त्या सहांपैकी दोघं आपल्या बाजूचे आहेत, हे आपल्या किती मुलांना माहीत आहे?

एक हरी अंबादास गाडे. जन्म १९१७, तळेगाव दशासर. धामणगाव रेल्वे तालुक्यातलं, शंकरपटासाठी प्रसिद्ध असलेलं हे गाव यवतमाळहून फार लांब नाही. गाडे शिकले विज्ञान आणि काही काळ जबलपूरला विज्ञानाचे शिक्षक होते. दुसरे सय्यद हैदर रझा. जन्म १९२२, मंडला जिल्ह्यातलं बाबरिया. वडील जंगलखात्यात, त्यामुळे लहानपण नर्मदेकाठच्या जंगलात गेलं. शाळेत मन लागत नव्हतं तेव्हा एका गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि म्हणाले, याच्याकडे बघत बस. पुढे रझांच्या चित्रांत जो 'बिंदू' आला, त्याचं मूळ ते स्वतः या ठिपक्यात सांगत. शिक्षक म्हणून मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. फळ्यावर आपण काय काढतो ते कोणत्या मुलात किती वर्षं मुरत राहील, कोण सांगणार?

मंडला आणि यवतमाळ तेव्हा एकाच 'मध्यप्रांत व वऱ्हाड'मध्ये होते, राजधानी नागपूर. १९३९ मध्ये रझा नागपूरच्या कलाशाळेत आले. १९४३ मध्ये मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये गेले, पोटासाठी एका ब्लॉक स्टुडिओत डिझाइनचं काम केलं. तोवर त्यांचा हात जलरंगात तयार झाला होता. १९४८ मध्ये काश्मीरमध्ये त्यांना फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ भेटले. त्यांनी चित्रं पाहून सांगितलं की यात बांधणी कमी आहे, सेझान अभ्यासा. १९५० मध्ये शिष्यवृत्तीवर रझा पॅरिसला पोचले. तिथे हळूहळू पाण्याचे रंग मागे पडले आणि तेलरंग आले. सुरीने थर चढवत त्यांनी फ्रान्समधली गावं, घरं, झाडं रंगवली. १९५६ मध्ये त्यांना 'प्री द ला क्रितीक' हा तिथल्या समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. तो मिळवणारे ते पहिले परदेशी चित्रकार. जंगलखात्याच्या नोकरदाराचा मुलगा, नागपुरात शिकलेला.

तिसरं नाव वासुदेव गायतोंडे यांचं. कुटुंब गोव्याचं, पण जन्म १९२४ चा, नागपूरचा. मुंबईत वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांची खोली होती, समोर समुद्र. ते तासन् तास समुद्राकडे बघत बसायचे. त्यांच्या चित्रांत होडी नाही, नारळ नाही. रोलर आणि सुरीने लावलेले, खरवडलेले रंगाचे थर आहेत, आणि तरी कित्येक चित्रांसमोर उभं राहिलं की पाणी आणि क्षितिजच आठवतं. आमच्या मुलांना हे सांगावंसं वाटतं. समुद्र काढायचा म्हणजे नारळ काढलाच पाहिजे असं नाही.

आता घोड्याकडे येतो, कारण मुलीचा खरा प्रश्न तोच होता.

दादाजानांची भीती खोटी नाही. तसवीर बनवणाऱ्यांबद्दल कडक शब्द असलेल्या हदीस आहेत. हजरत इब्ने अब्बास यांनी एका चित्रकाराला सांगितलं होतं की करायचंच असेल तर झाडांची आणि बेजान वस्तूंची चित्रं कर. यावर उलेमांची मतं एकसारखी नाहीत. तो निवाडा करायचा अधिकार माझा नाही. पण इतिहास सांगायचा अधिकार शिक्षकाला आहे. तो असा की मुसलमानांच्या दरबारांत आणि घरांत जनावरांची चित्रं झाली, आणि फार सुंदर झाली. जहांगीर बादशहाच्या दरबारात उस्ताद मन्सूर होता. बादशहाने त्याला 'नादिर-उल-अस्र' हा किताब दिला. १६२१ मध्ये भेट म्हणून आलेल्या झेब्राचं चित्र त्याने काढलं. ते इतकं अचूक आहे की आजचा प्राणिशास्त्रज्ञही मान डोलावेल. आपल्या महाराष्ट्रात पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात 'तारीफ-ए-हुसेनशाही' हे निजामशाहीतलं सोळाव्या शतकातलं सचित्र फारसी हस्तलिखित आहे. त्यात तालिकोटच्या लढाईचे घोडे आणि हत्ती आहेत. हुसेन निजामशहाची बेगम, म्हणजे चांदबीबीची आई खुंजा हुमायूं, हिचीही त्यात चित्रं होती. तिची आकृती नंतर कोणीतरी पुसून टाकली. आज जाणकार त्या पानावर पुसलेल्या जागेकडेच आधी बघतात.

आणि हुसेन. मकबूल फिदा हुसेन, जन्म १९१५, पंढरपूर. दीड वर्षाचे असताना आई गेली. लहानपणी खत्ताती शिकले, तरुणपणी मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवली, पुढे रझा-गाडेंबरोबर त्याच सहांत आले. ब्रशबरोबर सुरीही चालवत. त्यांचे घोडे जगभर गेले. पण त्या घोड्यांचं एक मूळ ते सांगत ते मोहर्रमच्या दुलदुलचं, इमाम हुसेन यांच्या घोड्याचं. आपल्याकडे ज्याने सवारी आणि ताजिये पाहिलेत, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. याच हुसेन यांच्यावर पुढे चित्रांवरून खटले झाले, चित्रांची मोडतोड झाली. २००६ नंतर ते देशाबाहेर राहिले, २०१० मध्ये कतारचं नागरिकत्व घेतलं आणि २०११ मध्ये लंडनमध्ये वारले. चित्र खरवडा म्हणणारे फक्त आपल्याच घरात असतात असं नाही, इतकंच मला यातून म्हणायचं आहे. आणि दोन्हीकडचा राग शेवटी त्या हातावरच पडतो ज्याने चित्र काढलं.

रझांचीही एक बाजू सांगायची राहिली. फाळणीच्या सुमारास त्यांचे आईवडील वर्षभराच्या अंतराने गेले. भाऊ-बहीण आणि पहिली बायको पाकिस्तानात गेली. रझा गेले नाहीत. फ्रान्समध्ये साठ वर्षं राहूनही त्यांनी भारताचं नागरिकत्व सोडलं नाही. २०१० च्या अखेरीस कायमचे परतले. २३ जुलै २०१६ रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना मंडल्यात, वडिलांच्या कबरीशेजारी दफन केलं. देश कोणाचा, कला कोणाची, असे प्रश्न आपल्या मुलांना सारखे ऐकावे लागतात. त्यांचं उत्तर मंडल्याच्या त्या कब्रस्तानात आहे.

आपल्या वस्तीत हाताचा हुनर असलेली माणसं किती आहेत बघा. पुट्टीवाले, गवंडी, सुतार, गाड्यांवर नावं रंगवणारे. त्यांच्या घरात रंग आहे, पत्रा आहे, हात आहे. तरी मुलं चित्रकलेच्या परीक्षेला बसत नाहीत, कारण 'हे आपलं काम नाही' असं घरी वाटतं. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट पास झालं तर दहावीला वाढीव गुण मिळतात, हेही अनेक पालकांना माहीत नसतं.

त्या मुलीला मी एवढंच सांगितलं की समुद्र पूर्ण कर, आणि घोड्याबद्दल दादाजानांशी बस आणि बोल. मी सांगितलं म्हणून ठेवू नकोस आणि भीतीने खरवडूही नकोस. तिने त्यांना दुलदुलची आणि झेब्राची गोष्ट सांगितली. दादाजान गप्प राहिले. त्यांनी हो म्हटलं नाही, पण फळी दुकानाच्या माळ्यावर नीट ठेवायला लावली, धूळ बसू नये म्हणून वर पेपर टाकून. अब्बांनी जुना पत्रा घासून, कोपरे गोल करून तिला दिला.

घोडा अजून फळीवर आहे. मुलगी यंदा इंटरमिजिएटला बसते आहे.